वीस बोल्ट आणि आपला दर्या



मागच्या पावसाळी बंदीत आपल्या संस्थेच्या बर्फ कारखान्यातला एक व्हॉल्व्ह गळायला लागला. अमोनियाची लाईन ती, वास आला की डोळ्यांतून पाणी. गॅस्केट बदललं, बोल्ट आवळले, दोन दिवस बरं चाललं आणि परत तेच. शेवटी व्हॉल्व्ह काढला आणि आमच्यातले दोघे तो गाडीत टाकून हुबळीला घेऊन गेले.

एरवी हाच रस्ता आपल्या मासळीचा. अंकोला सोडलं की अरबैलचा घाट, मग यल्लापूर, कलघटगी आणि हुबळी. हुबळी-धारवाड म्हटलं की आपल्याला आठवतो तिथला बाजार, बांगड्याचा भाव आणि परतीच्या वाटेवर घेतलेला धारवाडी पेढा. पण कारखानदारीत हे जोडशहर ओळखलं जातं ते व्हॉल्व्हसाठी. गोकुळ रोड, तारिहाळ, धारवाडकडचा बेलूर ह्या औद्योगिक वसाहतींत फिरलात तर लक्षात येईल. तेल, गॅस, वीज, पाणी ह्या सगळ्या कामांना लागणारे व्हॉल्व्ह इथं बनतात आणि देशाबाहेरही जातात. मोठ्या कारखान्यांच्या आसपास लहान लहान वर्कशॉप आहेत. कुणी लेथवर काम करतो, कुणी ड्रिलिंग करतो, कुणी प्लेटिंग, कुणी फक्त बोल्ट आणि नट पुरवतो.

आम्ही गेलो तिथं एका व्हॉल्व्हची टेस्ट चालली होती. दोन्ही तोंडं बंद करून आत पाणी भरलेलं, आणि पंपानं दाब चढवत होते. ज्या दाबाला तो व्हॉल्व्ह वापरायचा त्याच्या दीडपट. काटा स्थिर झाला की घड्याळ लावायचं. टेस्ट करणारा मुलगा बॅटरी मारून एकेक सांधा बघत होता. एक थेंब दिसला तरी माल परत. सगळं नीट झाल्यावर त्यानं व्हॉल्व्हच्या अंगावर ठोकलेला नंबर वहीत उतरवला.

आमच्यातल्या एकानं विचारलं, "एवढा एकेक नंबर कशाला लिहितोस रे?"

तो म्हणाला, "अण्णा, हा उद्या कुठं बसणार ते मला माहीत नाही. काही झालं तर ह्या नंबरावरून कळतं, लोखंड कुठल्या भट्टीतलं, मशीनवर कुणी केलं, टेस्ट कुणी केली."

घाट उतरताना गाडीत ह्याच गोष्टीवर बोलणं चाललं होतं. ज्या दर्यावर आपण जगतो, त्याच्या बुडाशी तेलाच्या विहिरी आहेत. त्या विहिरींचा दाब आवरून धरणारी यंत्रं पण अशाच सांध्यांनी जोडलेली असतात. त्यातला एक सांधा सुटला तर काय होतं, आणि त्याचा आपल्या घराशी संबंध काय, हे आपण कधी नीट बोललेलो नाही. म्हणून आज लिहितोय.

आमचं म्हणणं आधीच सांगतो. समुद्रातली विहीर सुरक्षित राहते ती मोठ्या यंत्राइतकीच त्याला जोडणाऱ्या बोल्ट, रिंग आणि कनेक्टरमुळे. हे सामान किनाऱ्यापासून लांब, आपण कधी न बघितलेल्या कारखान्यांत बनतं. आणि ते बिघडलं तर पहिली चूल आपली विझते. म्हणून त्या सांध्यांची माहिती मागायचा आपल्याला हक्क आहे. आणि आपल्या बोटीवरच्या सांध्यांचा हिशेब ठेवायची जबाबदारीही आहे.

आता हे सामान काय असतं ते बघू. समुद्राच्या तळाखाली दगडाच्या थरांत तेल आणि गॅस प्रचंड दाबाखाली कोंडलेले असतात. विहीर खणताना त्यात जड चिखलासारखं द्रव भरतात, त्याला ड्रिलिंग मड म्हणतात. त्या मडच्या वजनानं खालचा दाब दाबून ठेवायचा. कधी खालचा दाब वरचढ झाला, तर गॅस वर उसळायला बघतो. त्या वेळी विहिरीचं तोंड आवळून बंद करणारं यंत्र म्हणजे ब्लोआऊट प्रिव्हेंटर, थोडक्यात बीओपी. त्याच्यात रबरी पकड असते, पोलादी जबडे असतात, आणि गरज पडली तर आतला पाईपच कापून तोंड बंद करणारी पाती असतात. बाजूनं दोन जाड नळ्या लागतात. एकीतून कोंडलेला दाब हळूहळू बाहेर सोडायचा, ती चोक लाईन. दुसरीतून जड मड आत ढकलून विहीर शांत करायची, ती किल लाईन.

हे सगळं एका अखंड लोखंडातून बनत नाही. तुकडा तुकड्याला जोडायचा असतो. कुठं फ्लँज आणि बोल्ट, कुठं क्लॅम्प, कुठं हायड्रॉलिक कनेक्टर. कनेक्टर म्हणजे मोठी कडीच समजा. वरचा भाग खालच्यावर बसला की आतले दाते सरकतात आणि पकड घेतात. दोन फ्लँजच्या मध्ये धातूची रिंग असते. बोल्ट आवळले की ती खाचेत दबते आणि गळती थांबते. ही रिंग एकदाच वापरायची असते. एकदा दबली की परत तशी बसत नाही.

दाबाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब करू. साडेतेरा इंचांहून थोडं जास्त भोक असलेला, १०,००० पीएसआय दाबाचा फ्लँज घ्या. तेलधंद्यात हा नेहमीचा माप आहे. ट्रकच्या टायरात हवा साधारण १०० पीएसआय असते, म्हणजे इथला दाब त्याच्या शंभरपट. आपल्या इंजिनाच्या नोझलमधून डिझेल फवारतं तो दाब साधारण २०० बार धरला, तर इथं जवळजवळ ७०० बार. नोझल टेस्ट करताना मेकॅनिक फवाऱ्यासमोर बोट का धरू देत नाही, हे आपल्याला माहीतच आहे.

आता त्या भोकाच्या क्षेत्रफळाला हा दाब लावला, तर फ्लँज उघडायला बघणारं बळ येतं ६६० टनांच्या आसपास. १० टनांचे भरलेले ६६ ट्रक समजा. आणि त्यांना थोपवणारे बोल्ट किती? वीस. एकेका बोल्टावर ३३ टन. बोल्ट आधीच ताणून आवळलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याच्या अंगावर ह्याहून जास्त ताण असतो. त्यातला एक सुटला तर त्याचा भार शेजारच्यांवर जातो. मग शेजारचा सुटतो. मोठ्या वाऱ्यात नांगराच्या साखळीची एक कडी गेली की पुढं काय होतं, ते सांगायला नको.

अशी गोष्ट खरीच घडलेली आहे. डिसेंबर २०१२ मध्ये मेक्सिकोच्या आखातात एका ड्रिलिंग जहाजाखाली बीओपीचा वरचा भाग खालच्या भागापासून सुटला. दोघांना जोडणाऱ्या कनेक्टरचे बोल्ट तुटले होते. सुमारे ४३२ बॅरल, म्हणजे ६८ हजार लिटरच्या वर ड्रिलिंगचं द्रव समुद्रात गेलं. त्या जातीचे बोल्ट जगभरच्या रिगांवर लागलेले होते. दहा हजारांहून जास्त बोल्ट काढून बदलावे लागले.

बोल्ट तुटले कशानं? अमेरिकेत समुद्रातल्या तेलकामावर लक्ष ठेवणारी बीएसईई नावाची सरकारी संस्था आहे. तिनं तपास केला आणि २०१४ मध्ये अहवाल लोकांसमोर ठेवला. कारण निघालं हायड्रोजन. हे नीट समजून घ्या, कारण बोट मालकाच्या थेट कामाचं आहे.

बोल्ट गंजू नये म्हणून त्याला जस्ताचा मुलामा देतात, आपण झिंक प्लेटिंग म्हणतो. प्लेटिंगच्या टाकीत, आणि त्याआधी आम्लात साफ करताना, हायड्रोजन तयार होतो. त्याचे कण अतिशय बारीक, ते पोलादाच्या आत शिरतात. मऊ पोलादाला त्याचं फारसं वाटत नाही. कडक पोलाद मात्र आतून ठिसूळ होतं. उपाय साधा आहे. प्लेटिंग झाल्यावर लगेच बोल्ट भट्टीत घालायचे आणि साधारण २०० अंशांवर काही तास तापवायचे, म्हणजे हायड्रोजन बाहेर पडतो. त्या बोल्टांच्या बाबतीत हे तापवणं हवं तसं झालं नव्हतं. आणि ते काम मूळ कंपनीनं नव्हे, तर कामगिरी खाली खाली देत पोचलेल्या प्लेटिंगवाल्यानं केलं होतं. वर बसलेल्या कुणालाही ते कळलं नाही.

ह्यातली वाईट गोष्ट अशी, की असा बोल्ट टेस्टमध्ये पास होतो. दिसायला चकचकीत, मापाला बरोबर, आवळला तरी काही होत नाही. तो तुटतो नंतर. ताणाखाली काही दिवस, काही महिने राहिल्यावर, एके दिवशी अचानक, काचेसारखा. वाकत नाही, इशारा देत नाही.

दोन वर्षं आधी, २० एप्रिल २०१० रोजी, त्याच आखातात डीपवॉटर होरायझन रिगवर ब्लोआऊट झाला. ११ माणसं गेली. तिथं गोष्ट वेगळी होती. पाईप कापून विहीर बंद करायची पाती होती, पण आतला पाईप वाकून एका बाजूला सरकला होता, पात्यांना तो नीट कापता आला नाही. तपासात कंट्रोलच्या पेट्यांमध्ये चुकलेलं वायरिंग आणि उतरलेली बॅटरी पण निघाली. विहीर ८७ दिवस वाहत होती. ती अडवली कशी? खोल पाण्यात यंत्रमानवांनी तुटलेल्या नळीच्या फ्लँजचे बोल्ट सोडवले, तिथं नवा जोडतुकडा बोल्ट लावून बसवला आणि त्याच्यावर नवं झाकण कनेक्टरनं जखडलं. १५ जुलैला तेल थांबलं. म्हणजे शेवटी सुटका झाली ती सांधा नीट बसला तेव्हाच.

आपल्यासाठी ह्यातला आकडा दुसराच आहे. २ जून २०१० रोजी आखातातल्या केंद्र सरकारच्या पाण्यापैकी ३७ टक्के भागात मासेमारी बंद होती. २ लाख २९ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. आपलं अख्खं कर्नाटक राज्य १ लाख ९२ हजारांच्या आत बसतं. कर्नाटकाहून मोठ्या समुद्रावर एकही जाळं टाकायचं नाही, आणि चूक त्या कोळ्यांची काहीच नाही.

"ते अमेरिकेत झालं, आपल्याला काय?" असं कुणी म्हणेल. म्हणून आपल्या पाण्याकडे बघू. १९७४ मध्ये सागर सम्राट रिगनं मुंबई हायला तेल शोधलं, मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर पश्चिमेला. तेव्हापासून तिथं विहिरी आहेत, प्लॅटफॉर्म आहेत, तळावरून पाईप आहेत. १९८२ मध्ये तिथंच सागर विकास रिगवर ब्लोआऊट झाला होता. जुन्या तांडेलांना आठवत असेल.

२७ जुलै २००५ ची गोष्ट तर अनेकांना आठवेल. समुद्र सुरक्षा नावाचं जहाज जखमी माणसाला उतरवण्यासाठी मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मजवळ गेलं. लाटांत ते प्लॅटफॉर्मवर आदळलं आणि गॅसची उभी नळी फुटली. आग लागली. साधारण दोन तासांत प्लॅटफॉर्म गेला. ३८४ माणसांपैकी ३६२ वाचली, २२ गेली. आपत्कालीन व्हॉल्व्ह होते. पण बंद व्हॉल्व्हच्या पलीकडं, समुद्रातल्या कित्येक किलोमीटर लांब पाईपमध्ये जो गॅस उरला होता, तो जळत राहिला. व्हॉल्व्ह चांगला असून भागत नाही. तो कुठं बसवलाय आणि त्याला जोडलेल्या नळीला कशाची धडक बसू शकते, हे पण बघावं लागतं.

आणि आपण मुंबईपासून लांब आहोत असं समजू नका. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडं वाहतो. मे-जूनला गोव्यापासून कारवारपर्यंत वाळूवर येणारे डांबराचे गोळे आपण लहानपणापासून बघतोय. पाय काळे होतात, रापण काळी होते, रॉकेलनं घासत बसावं लागतं. गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा गोळ्यांचा माग काढलाय. काहींचा माग टँकर धुतलेल्या तेलापर्यंत लागला, काहींचा मुंबई हायच्या तेलापर्यंत. सगळा दोष एकावर टाकायचा नाही. पण पाण्याला सरहद्द नसते, एवढं तरी त्यातून कळतं.

७ ऑगस्ट २०१० ला मुंबईच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजा ही जहाजं आदळली आणि साधारण ८०० टन तेल सांडलं. ते विहिरीतलं तेल नव्हतं. पण मुंबई-रायगडच्या बाजारात तेव्हा काय झालं ते विचारा. मासळी चांगली असली तरी गिऱ्हाईक हात लावेना. आपल्या बाबतीत हेच होणार. तेल अंगाला लागायच्या आधी बातमी लागते. हुबळीच्या बाजारात एकदा "माशाला तेलाचा वास आहे" अशी आवई उठली, की आपली गाडी भरलेली परत येईल.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, संस्था तेलाच्या विरोधात गेली. तसं नाही. आपल्या टाकीत डिझेलच असतं. आपल्याच गावची पोरं रिगवर आणि सप्लाय बोटींवर कामाला आहेत, त्यांच्या पगारावर घरं उभी राहिली आहेत. सुरक्षा बिघडली तर आधी मरणार तीच. आणि मुंबई हायसारख्या उथळ पाण्यात, साधारण ७०-८० मीटरवर, पाय रोवून उभ्या राहणाऱ्या रिगांचा बीओपी पाण्याच्या वर, डेकखाली असतो. माणूस जाऊन डोळ्यानं सांधा बघू शकतो. खोल पाण्यात तो तळावर असतो, तिथं कॅमेऱ्याशिवाय काही दिसत नाही. देश जसजसा खोल पाण्याकडं जाईल, तसतसा कागदावरचा भरवसा जास्त लागेल. म्हणून कागद खरा असला पाहिजे.

इथंच परत हुबळी-धारवाड येतं. आपल्याला वाटतं समुद्राची सुरक्षा रिगवर होते, नाहीतर दिल्ली-मुंबईच्या ऑफिसात. ती तिथं होतेच. पण त्याआधी ती होते घाटमाथ्यावरच्या एखाद्या शेडमध्ये, जिथं पोरगा बॅटरी मारून थेंब शोधतो आणि नंबर वहीत लिहितो. त्याला घाई केली, मालाचा दर पाडला, "प्लेटिंग झालं ना, मग पाठव" असं म्हटलं, तर परिणाम समुद्रात दिसणार, तोही कित्येक महिन्यांनी. हुबळीत १९४७ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे, जे आज केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. धारवाडला २०१६ पासून आयआयटी आहे. कारखाने आहेत, शिकलेली पोरं आहेत. बोल्टाचा कडकपणा, प्लेटिंग, हायड्रोजन ह्यांची तपासणी लहान वर्कशॉपलाही परवडेल अशी सोय तिथं उभी राहिली, तर तिचा फायदा आपल्या बर्फ कारखान्यापासून रिगपर्यंत सगळ्यांना होईल.

आता थोडं आपल्याबद्दल. दुसऱ्याला बोल्टाचा हिशेब मागायचा, तर आपला काय आहे ते बघितलं पाहिजे.

दोन मोसमांपूर्वी आपल्या एका सभासदाच्या बोटीचे कपलिंगचे बोल्ट समुद्रात तुटले. गिअरबॉक्स फिरतोय, शाफ्ट उभा. दुसऱ्या बोटीनं ओढून आणलं म्हणून निभावलं. बोल्ट नवे होते, चकचकीत होते, "सगळ्यात कडक घ्या, कधी तुटणार नाही" असं सांगून दिलेले होते. तुटलेला तुकडा बघितला तर वाकल्याची खूण नाही, सरळ मोडलेला. आम्ही प्रयोगशाळेत काही नेलं नाही, त्यामुळे कारण हेच असं छातीठोक सांगत नाही. पण २०१२ ची गोष्ट वाचल्यावर त्या तुकड्याची आठवण आली.

बोल्टाच्या डोक्यावर आकडा असतो, ८.८, १०.९, १२.९. आकडा जेवढा मोठा, बोल्ट तेवढा ताकदीचा आणि कडक. आपण समजतो, मोठा आकडा म्हणजे जास्त सुरक्षित. खाऱ्या पाण्यात हे नेहमी खरं नसतं. १२.९ सारख्या कडक बोल्टाला साध्या दुकानातून झिंक प्लेटिंग करून घेतलं आणि तापवलं नाही, तर हायड्रोजनचा धोका सगळ्यात जास्त त्यालाच. इंजिन बनवणाऱ्यानं जो आकडा सांगितलाय तोच घ्या, वरचा नको आणि खालचाही नको. डोक्यावर आकड्याबरोबर बनवणाऱ्याची खूण पण असायला हवी. खूण नसेल तर बोल्ट परत करा.

तीच गोष्ट गॅस्केटची. नोझलखालचा तांब्याचा वॉशर आपण उलटा करून, भाजून परत लावतो. चालतं, मान्य आहे. पण अमोनियाच्या लाईनला, स्टिअरिंगच्या हायड्रॉलिकला, जिथं गळती म्हणजे माणसाचा जीव, तिथं दहा रुपये वाचवू नका. आपल्या बर्फ कारखान्यात आम्हीच ते केलं होतं, हे कबूल करतो. हुबळीच्या मिस्त्रीनं जुनं गॅस्केट हातात धरून आमच्याकडं नुसतं बघितलं.

आणि बोल्ट आवळताना समोरासमोर, टप्प्याटप्प्यानं आवळा. एका बाजूनं गोल फिरत गेलात तर फ्लँज तिरका बसतो, एका बोल्टावर सगळा भार येतो. हेड बसवताना मेकॅनिक जे करतो, तेच. रिगवरही हाच नियम आहे.

आता मागण्या. संस्थेच्या कमिटीत ह्यावर बोलणं झालंय, पण सर्वसाधारण सभेत तुमची संमती लागेल.

पहिली मागणी. तेल सांडलं तर काय करायचं ह्याचा राष्ट्रीय आराखडा आहे आणि त्याची सूत्रं तटरक्षक दलाकडं आहेत. त्याच्या सरावात बंदरावरच्या मच्छीमार संस्थांना बोलवावं. समुद्र आपल्याइतका कुणी रोज बघत नाही. तवंग पहिल्यांदा आपल्याच तांडेलाला दिसणार. त्यानं कुणाला, कुठल्या नंबरवर, काय सांगायचं ह्याचा एक साधा कागद मराठी, कोकणी आणि कन्नडमध्ये प्रत्येक जेटीवर लागला पाहिजे.

दुसरी मागणी. समुद्रातल्या तेलकामाच्या सुरक्षेचे नियम आपल्याकडं २००८ पासून आहेत, आणि त्यावर देखरेख ओआयएसडी म्हणजे तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडं आहे. दाब आवरणाऱ्या सामानात कुठं बोल्ट तुटला, कुठं रिंग गळली, कुठला कनेक्टर सुटला, ह्याचा वर्षाचा गोषवारा साध्या भाषेत लोकांपुढं ठेवावा. कंपनीचं नाव नसलं तरी चालेल. अमेरिकेत २०१६ पासून अशा बिघाडांची नोंद देणं बंधनकारक आहे आणि दरवर्षी त्याचा अहवाल निघतो, कुणालाही वाचता येतो. एका रिगवरचा तुटलेला बोल्ट दुसऱ्या रिगवरच्या माणसाला वेळेत कळला, तर त्याचा जीव वाचतो. झाकून ठेवला तर तोच बोल्ट पुन्हा कुठंतरी तुटतो.

तिसरी मागणी. भरपाईचे नियम तेल सांडायच्या आधी ठरवा, नंतर नको. आणि त्यात बोट मालकाबरोबर खलाशी, रापणकर आणि टोपली घेऊन बसणाऱ्या आपल्या बायका पण असल्या पाहिजेत. समुद्र बंद झाला की बोट मालकाचं नुकसान कागदावर दिसतं, त्यांचं दिसत नाही.

ह्या तिसऱ्या गोष्टीत अर्धं काम आपलं आहे. २०१० नंतर आखातात मच्छीमारांसकट नुकसान झालेल्या सगळ्यांसाठी मिळून २० अब्ज डॉलरचा निधी ठेवला गेला. पण पैसे मागताना विचारलं गेलं, मागच्या वर्षी किती मासळी विकली, पावती दाखवा, कराचा कागद दाखवा. ज्यांचा धंदा रोखीचा, तोंडी, त्यांचे हाल झाले. आपलं वेगळं काय आहे? किती जणांकडं मागच्या तीन वर्षांची मासळी विकल्याची पावती आहे? बाजारात बसणाऱ्या किती मावश्यांकडं एक वही आहे?

म्हणून ह्या बंदीच्या ६१ दिवसांत आपण दोन वह्या सुरू करूया. एक बोटीची. कुठला बोल्ट, कुठला आकडा, कधी बदलला, कुठून आणला, बिलासकट. दुसरी मासळीची. तारीख, जात, किलो, भाव, कुणाला दिली. शाळेत जाणारी पोरं घरात आहेत, त्यांना लिहायला बसवा, त्यांचं अक्षर आपल्यापेक्षा बरं आहे. बाजारात बसणाऱ्या भगिनींसाठी वह्या संस्था देईल. ऑफिसात येऊन घेऊन जा.

आपला व्हॉल्व्ह दुरुस्त होऊन आलाय. दीडपट दाबाला टेस्ट करून, नंबर ठोकून, कागदासकट. नवीन गॅस्केट, नवीन बोल्ट. बर्फ कारखान्यात आता वास येत नाही. तो कागद आम्ही फाईलला लावलाय, संस्थेच्या फाईलमधला असा पहिलाच. सभेच्या दिवशी ज्यांच्या बोटीवर तुटलेले जुने बोल्ट पडून असतील, त्यांनी ते घेऊन या. टेबलावर मांडू, बघू कुठला कसा तुटलाय, आणि मग मागण्यांचा ठराव करू.

तुमच्या दर्यावरचे,
संस्थेचे सर्व कार्यकर्ते